पासंग

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
इतवारीच्या किराण्यापासून कॉटन मार्केटच्या भाजीपर्यंत
कुणाच्याही दुकानात शिरलो की पहिलं काम एकच :
माल नाही, वजनं नाहीत,
रिकामी तागडी उचलायची
आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच, लोहचुंबकाचा तुकडा,
एकदा तर लाडवाएवढी ओली माती.
असले पासंग या नखांनी खरवडून काढलेत.

आता निवृत्त. पुतण्यानं फोनवर शिकवलं,
जेवल्यावर तारे कसे द्यायचे.
पाचापर्यंत कितीही. पंचनामा नाही,
समोरच्याची सही नाही.
गेलेली खुर्ची घरपोच परत आल्यासारखं वाटलं.

गोळीबार चौकामागे, माग बंद पडलेल्या गल्लीत
निखारेंची सावजी खानावळ.
मे महिना, सेहेचाळीस अंश, दुपारचे दोन.
थकबाकीचा कागद तिसऱ्यांदा परत घेऊन
कोषागारातून आलो होतो.
सही जुळत नाही म्हणाले. माझी, माझ्याशी.
कूलरमध्ये पाणी नव्हतं. शेजारच्या टेबलावर
कुणीतरी उगाच मोठ्यानं हसत होतं.
रस्सा आला, काळाभोर, वर तेलाचा तवंग,
पहिल्याच घासाला डोळे वाहू लागले.
तिथेच बसून लिहिलं :
फार तिखट. फार उकाडा. एक तारा.

सावजीत बसून तिखटाची तक्रार!
मिठागरात जाऊन खारट म्हणावं तशी.

मारबत जळून चार दिवस झाले तेव्हा पुन्हा गेलो.
भूक होती, घाई नव्हती.
गल्ल्यावर द्वारकाबाई. निखारे गेल्यापासून
मसालाही त्याच वाटतात.
"तुमीच ना जी साहेब, एक ताऱ्यावाले?"
मी ताटाकडे बघितलं. ताट अजून आलं नव्हतं.
"कहाडून टाका म्हनत नाही मी.
पन त्या दिवशी तुमी भाकरी अर्धी सोडली
अन् पैसे पुरे देले.
म्हनलं, मानसाचं आज काही बिनसलं हाये."

इतक्या तागड्यांना मी धडा करून दिला,
माझा काटा रिकाम्यानं कुठे उभा आहे
ते या बाईनं लांबून, पोळपाटाआडून वाचलं होतं.

ताट आलं. या खेपेला तिखट आधी आलं
आणि मग बाजूला सरून त्यानं वाट दिली :
धने, दगडफूल, खसखस,
आणि सगळ्यांत तळाशी भाजलेल्या जवसाचं
काहीतरी मुकाट, जुनं.
घामानं शर्ट भिजला, पण तो माझा घाम होता,
खानावळीचा नव्हे.

फोन काढला. बोट थेट पाचव्या ताऱ्यावर गेलं.
एकटी बाई, बंद गल्ली, वर माझी चूक.
आणि तिथेच अडलं.
शरम हीदेखील ओली मातीच.
या पारड्याखालची काढून त्या पारड्याला लावली
म्हणून तोल सरळ होत नाही.

ग्लासाला मातकट वास होता. होता तर होता.
भाकरी एका कडेला कच्ची.
रस्सा मात्र असा की त्यासाठी लांबून यावं.
लिहिलं तसंच. मे महिन्यातलं खोडलं,
त्याखाली लिहिलं, त्या दिवशी मी बरा नव्हतो.
चार द्यावेत की साडेतीन, यात चहा गार झाला.
आमच्या पेटीत पाच ग्रॅमचंही वजन असायचं,
मखमलीच्या खळग्यात, चिमट्यानं उचलायचं.
इथे अर्धा ताराही नाही.
चार दिले.

द्वारकाबाईंनी नातवाकडून तिथल्या तिथे वाचून घेतलं.
"ग्लासाचं खरं हाये," त्या म्हणाल्या.
मग पदरानं हात पुसत,
"भाकरीचं नाही."

ताटात एक तुकडा उरला होता.
मी तो पुन्हा तोंडात टाकला,
आणि हळूहळू, खात्यातल्यासारखा,
चावत राहिलो.